कम्युनिटी कॉलेजात सीआयएस-नेटवर्किंग शिकावं का? (कॅलिफोर्निया, एच-4)

सायली_फ्रीमाँट (8 नोव्हेंबर 2025)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय.

आम्ही फ्रीमाँटला राहतो. मी एच-4 वर (नवऱ्याच्या एच-1 या कामाच्या व्हिसासोबत मिळणाऱ्या जोडीदाराच्या व्हिसावर) आहे, ईएडी (काम करायच्या परवानगीचं कार्ड) हातात आहे, धाकटी आता पूर्ण दिवस शाळेत जाते. नाशिकला बीकॉम केलं आणि एका पतसंस्थेत अकाउंट्स बघत होते. तिथे इंटरनेट बंद पडलं की सगळे माझ्याकडे बघायचे, कारण राउटरचा पासवर्ड लिहिलेली वही माझ्या ड्रॉवरमध्ये असायची. त्या निमित्ताने केबल टाकायला येणाऱ्या मुलाला प्रश्न विचारून विचारून जे कळलं तेवढंच माझं नेटवर्किंग. पण आवड तिथे लागली हे खरं.

घराजवळ ओलोनी हे कम्युनिटी कॉलेज आहे, जरा लांब मिशन आणि डी अँझा. कम्प्युटर इन्फर्मेशन सिस्टिम्स (सीआयएस) आणि नेटवर्किंगचे वर्ग घ्यावेत असं मनात आहे. पण सर्टिफिकेट घ्यावं की दोन वर्षांची असोसिएट डिग्री? की घरी बसून सरळ सीसीएनए (सिस्को कंपनीची नेटवर्किंगची परीक्षा) द्यावी? आणि शेवटी कोणी नोकरीला घेतं का? नवऱ्याच्या मित्रमंडळात विषय काढला तर "कम्युनिटी कॉलेज? त्यापेक्षा डेटा सायन्सचा बूटकँप कर" असं उत्तर येतं. मला गणिताची भीती नाही, पण डेटा सायन्सची हौसही नाही.

स्प्रिंगची नोंदणी तोंडावर आली आहे. अनुभव असेल तर नक्की लिहा.

टपरीवरचा_चहा

त्या मित्रमंडळाला विचारा, त्यांच्या ऑफिसातलं वायफाय कोण सांभाळतं ते.

रानजाई

सायली, मी ईस्ट बेमधल्याच एका कॉलेजात हे केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नेटवर्किंगचे वर्ग बहुतेक कॉलेजांत सिस्कोच्या नेटवर्किंग अकॅडमीच्या अभ्यासक्रमावर चालतात. ही अकॅडमी 1997 पासून आहे. सीसीएनएचे तीन भाग असतात. पहिल्यात नेटवर्कची ओळख, दुसऱ्यात स्विचिंग, राउटिंग आणि वायरलेस, तिसऱ्यात मोठ्या संस्थांची नेटवर्क्स, सुरक्षा आणि ऑटोमेशन. एकेक सेमिस्टर एकेक भाग घेतला तर दीड वर्ष. आमच्याकडे पहिला आणि दुसरा एकाच सेमिस्टरमध्ये आठ-आठ आठवड्यांत उरकायची सोय होती. मुलं लहान असतील तर त्या फंदात पडू नकोस, घरच्यांचे हाल होतात.

वर्ग संध्याकाळी. वर्गात कोण होतं म्हणशील तर अठरा वर्षांची पोरं, जीआय बिलवर (सैनिकांना मिळणाऱ्या सरकारी शिक्षण-मदतीवर) शिकणारे दोन माजी सैनिक, एक इलेक्ट्रिशियन, एक फिलिपिनो नर्स आणि मी. कोणी कोणाचं वय विचारलं नाही. नर्स सगळ्यात हुशार होती.

नोकरी मला एका शाळा डिस्ट्रिक्टमध्ये मिळाली, टेक्निशियन म्हणून. सुरुवातीला क्रोमबुकं आणि प्रिंटर, मग हळूहळू वर्गखोल्यांतले अॅक्सेस पॉइंट आणि स्विच. पगार गूगलवाल्यांना हसू येईल असा आहे, पण आरोग्य विमा आहे, उन्हाळ्यात कामाचे तास सोयीचे असतात आणि मी साडेतीनला घरी असते.

पुणे_तिथे_उणे

सरळ विरोधी मत मांडतो, राग मानू नये.

नेटवर्क अॅडमिनिस्ट्रेटरच्या नोकऱ्या पुढच्या दशकात कमी होतील असं अमेरिकेच्या कामगार खात्याच्या आकडेवारी विभागाचाच अंदाज सांगतो. वाढ आहे ती माहिती सुरक्षेत. कारण उघड आहे. सर्व्हर क्लाउडवर गेले, शाखेच्या राउटरचं कॉन्फिगरेशन स्क्रिप्ट करते, दहा जणांचं काम तिघांत होतं. अशा वेळी दीड-दोन वर्षं वर्गात बसून 'ओएसआयचे सात लेयर सांगा' करायचं?

पॅकेट ट्रेसर (कम्प्युटरवरच नेटवर्क जोडून बघायचं सिस्कोचं सॉफ्टवेअर) फुकट आहे. यूट्यूबवर अख्खी सीसीएनए फुकट आहे. परीक्षेची फी 300 डॉलर. चार-सहा महिने नेटाने अभ्यास केला की झालं. कॉलेज कशाला?

मोगरा_आणि_मॉडेम

>> चार-सहा महिने नेटाने अभ्यास केला की झालं

उणेसाहेब, लहान मूल असलेल्या घरात सलग चार-सहा तास तरी कधी मिळाले आहेत का तुम्हाला? कॉलेजचा वर्ग ठरलेल्या वेळी असतो, फी भरलेली असते, म्हणून घरचे त्या वेळेला हात लावत नाहीत. घरी बसून शिकणाऱ्या बाईला "जरा कुकर बघतेस का" हे हमखास ऐकावं लागतं.

टपरीवरचा_चहा

+1. कुकरला क्यूओएसमध्ये (नेटवर्कवर कुठला डेटा आधी सोडायचा त्या क्रमात) सगळ्यात वरची प्रायॉरिटी असते.

रानजाई

उणेंच्या मुद्द्यात तथ्य आहे, पण अर्धंच. पॅकेट ट्रेसर चांगलाच आहे, आम्हीही गृहपाठ त्यातच करायचो. पण त्यात केबल सैल बसत नाही. पंखा बंद पडून राउटर तापत नाही. आधीच्या बॅचने स्विचला पासवर्ड टाकून ठेवलाय आणि आता 'मोड' बटण दाबून धरून तो घालवायचाय, ही भानगड तिथे नसते.

आमच्या बॅचमधल्या एका पठ्ठ्याने प्रयोग म्हणून स्पॅनिंग ट्री (जोडणीचं वर्तुळ होऊन डेटा गोल गोल फिरू नये म्हणून स्विचमध्ये असलेली सोय) बंद केलं आणि दोन स्विच दोन केबलनी एकमेकांना जोडले. सगळ्या पोर्टचे दिवे एकदम वेड्यासारखे लुकलुकायला लागले, त्या नेटवर्कवरचे सगळे कम्प्युटर ठप्प. सर शांतपणे म्हणाले, "आता कुठलीही कमांड न देता हे थांबवा." केबल उपसायला कोणाला सुचलं? त्या नर्सला. पुढे नोकरीत एका शाळेत शिक्षकाने रिकामी दिसलेली केबल भिंतीतल्या दोन सॉकेटमध्ये खोचली आणि अख्खी विंग बंद पडली, तेव्हा मला ते दिवे बघूनच कळलं काय झालंय.

ऑटोमेशनचं म्हणाल तर सध्याच्या सीसीएनएमध्येच दहा टक्के भाग त्याचा आहे. सोबत पायथनचा एक वर्ग घ्यावा हे मात्र मीही सांगेन.

निवृत्त_टेलिफोन

दूरसंचार खात्यात आयुष्य गेलं, आता लेकीकडे सॅन होजेला येऊन-जाऊन असतो. हा धागा वाचून नातवाच्या सबनेटिंगच्या (एका नेटवर्कचे पत्ते लहान गटांत वाटण्याच्या) शिकवणीची आठवण झाली. त्याला काही केल्या उमजेना. शेवटी त्याला सांगितलं, समज 256 खोल्यांचा एक वाडा आहे आणि चार भावांत वाटणी करायची आहे. प्रत्येकाला 64 खोल्या. पण प्रत्येक वाटणीतली पहिली खोली म्हणजे दारावरची नावाची पाटी, तिथे कोणी राहायचं नाही. शेवटची म्हणजे हाळी द्यायची ओसरी, तिथेही कोणी राहायचं नाही. राहायला उरल्या 62. नेटवर्कच्या भाषेत ही वाटणी म्हणजे /26. पहिल्या भावाचा वाडा 0 पासून, दुसऱ्याचा 64, तिसऱ्याचा 128, चौथ्याचा 192.

नातू म्हणाला, "आजोबा, पण खरे भाऊ असे सारखे वाटून घेतात का?" तेव्हा त्याला व्हेरिएबल लेंथ सबनेट मास्क, म्हणजे लहान-मोठी वाटणी, समजावून दिला.

कोकणकडा_कॅल्गरी

काका, कोकणात या वाटणीचा दावा अजून कोर्टात असता आणि 256 पैकी 200 खोल्यांवर स्टे असता.

मिल्पिटसकर

पैशाचं बोलू. कॅलिफोर्नियाचे रहिवासी असाल तर कम्युनिटी कॉलेजची फी युनिटला 46 डॉलर. डी अँझा आणि फूटहिल क्वार्टरवर चालतात, तिथे क्वार्टर युनिटला 31. म्हणजे सीसीएनएचे तिन्ही भाग मिळून समजा बारा युनिटं झाली तर 552 डॉलर, वर आरोग्य फी, पार्किंग वगैरे किरकोळ. साठ युनिटांची पूर्ण असोसिएट डिग्री 2,760 डॉलर. बूटकँपवाले एवढ्यात दारात उभं करणार नाहीत.

पण 'रहिवासी' ही मेख आहे. एच-4 वर कॅलिफोर्नियात रहिवासी ठरता येतं. सेमिस्टर सुरू होण्याआधी एक वर्ष आणि एक दिवस राज्यात राहिलेलं असावं लागतं आणि इथेच राहायचा इरादा कागदावर दिसावा लागतो. ड्रायव्हिंग लायसन्स, राज्याचा टॅक्स रिटर्न, भाडेकरार असलं काहीतरी. अर्जातल्या उत्तरांवरून बऱ्याचदा सिस्टिम आधी 'अनिवासी' ठरवते. घाबरू नका, अॅडमिशन ऑफिसात कागद घेऊन जा. फेडरल मदत मात्र एच-4 वर मिळत नाही, एफएएफएसएच्या (त्या मदतीच्या अर्जाच्या) नादी लागू नका.

दुसऱ्या राज्यांत नियम वेगळे आहेत. वाचणाऱ्यांनी हे उचलून टेक्सासला चिकटवू नये.

सायली_फ्रीमाँट

सगळ्यांचे आभार! मिल्पिटसकर, आम्हाला इथे तीन वर्षं होऊन गेलीत, त्यामुळे ते जमेल. निवृत्त_टेलिफोन काका, सबनेटिंग पहिल्यांदा डोक्यात शिरलं.

चंदगडचा_मामा

सायलीताई, तुमच्या धाग्यात जरा घुसतो, माफी असावी. माझा भाचा कोल्हापुरात बारावी करून बसलाय. एजंट सांगतो, अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजात नेटवर्किंगला घाला, स्वस्तात होतं, मग तीन वर्षं काम करायला मिळतं आणि पुढे एच-1. वहिनींनी शेत विकायची तयारी केलीय. खरं आहे का हे?

डॅलसची_धूळ

मामा, शेत विकू नका. आधी हे वाचा.

एफ-1 वर (विद्यार्थी व्हिसावर) कम्युनिटी कॉलेजला जाता येतं, ते खरं. पण वर ज्या 46 डॉलरच्या गोष्टी चालल्यात त्या भाच्याला लागू नाहीत. तो अनिवासी. बे एरियातल्या सेमिस्टरवाल्या बहुतेक कॉलेजांत युनिटला 300 डॉलरच्या पुढे पडतात, आणि त्याला दर सेमिस्टरला किमान बारा युनिटं घ्यावीच लागतात. त्यात ऑनलाइन वर्ग एकच धरला जातो. राहणं-खाणं वेगळं, आणि ते फीपेक्षा जास्त.

'तीन वर्षं काम' हे असोसिएट डिग्रीला लागूच नाही. असोसिएट डिग्रीनंतर ओपीटी (शिक्षणानंतर त्याच क्षेत्रात काम करायची मुभा) बारा महिन्यांचं. त्यावरची चोवीस महिन्यांची स्टेम (विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विषयांची) मुदतवाढ बॅचलर किंवा त्यावरच्या पदवीलाच मिळते. आणि एच-1बीला मुळात बॅचलर किंवा त्याच्या बरोबरीचं शिक्षण लागतं. एजंटने तीन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवून वाढल्यात.

दोन वर्षं कम्युनिटी कॉलेज आणि पुढची दोन विद्यापीठात, असा रस्ता आहे आणि खूप परदेशी मुलं तो घेतात. पण मग नेटवर्किंगचं सर्टिफिकेट घेऊन चालत नाही, पहिल्या दिवसापासून ट्रान्सफरचे विषय घ्यावे लागतात.

चंदगडचा_मामा

लई उपकार झाले. वहिनींना फोन लावतो. एजंटलाही लावतो.

टपरीवरचा_चहा

एजंटचा फोन स्पीकरवर लावा आणि इथे लाइव्ह टाका.

हिंजवडी_फेज_3

मामा, भाच्याला पॉलिटेक्निकला घालायला काय झालं? तीन वर्षांचा डिप्लोमा, मग थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंग. तेच 2+2 आहे की हो, फक्त घरचं जेवण मिळतं. मी तसाच आलो. सध्या एनओसीत (नेटवर्कवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्रात) रात्रपाळी करतो, अमेरिकेतल्या लोकांची नेटवर्कं ते झोपेत असताना मी बघतो. आणि सायलीताई, तुमचं बदलाचं काम जेव्हा 'मेंटेनन्स विंडो' म्हणून पहाटे दोनला लागेल तेव्हा फोनवर पलीकडे बहुधा माझ्यासारखाच कोणी असेल. नेटवर्किंगमध्ये रात्री जागावं लागतं, हे इथे कोणी सांगितलं नाही म्हणून लिहिलं.

पुणे_तिथे_उणे

>> तेच 2+2 आहे की हो

नाही. डिप्लोमाला मागणी असते, कम्युनिटी कॉलेजला कोणीही गेलं तरी घेतात. प्रवेशाला चाळणीच नाही.

बे_एरिया_आई

चाळणी नाही हाच तर त्याचा हेतू आहे! 1901 साली इलिनॉयमध्ये जोलिएटला पहिलं सुरू झालं ते गावातल्या मुलांना घरून जाऊन-येऊन पहिली दोन वर्षं करता यावीत म्हणून. कॅलिफोर्नियात 1960 च्या मास्टर प्लॅनने ठरवूनच टाकलं की यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) काहींना, सीएसयू (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) अजून काहींना, आणि कम्युनिटी कॉलेज सगळ्यांना. आज राज्यात अशी 116 कॉलेजं आहेत. अॅपलचा सहसंस्थापक वॉझ्नियॅक काही काळ डी अँझाला होता.

पुणे_तिथे_उणे

वॉझ्नियॅक सीसीएनए करायला गेला नव्हता.

बे_एरिया_आई

बरं. मुद्द्यावर येते, कारण सायलीच्या प्रश्नातला सगळ्यात महत्त्वाचा फाटा अजून कोणी नीट मांडला नाही. सीएस (कम्प्युटर सायन्स) आणि सीआयएस या दोन वेगळ्या गाड्या आहेत, एकाच फलाटावरून सुटतात म्हणून लोक फसतात.

माझ्या मुलाने कम्युनिटी कॉलेजातून यूसीला ट्रान्सफर घेतली. त्याला कॅल्क्युलस, लिनियर अल्जेब्रा, फिजिक्स, सी++, डेटा स्ट्रक्चर्स लागलं. त्याच्याच वर्गातल्या एका मुलीने दोन वर्षं सीआयएसचे छान छान वर्ग घेतले. नेटवर्किंग, विंडोज सर्व्हर, सायबर सिक्युरिटी, हेल्प डेस्क. सगळ्यात ए. मग सीएसच्या बॅचलरला अर्ज करायला गेली तर त्यातले बहुतेक विषय मेजरसाठी धरलेच जाईनात, ऐच्छिक युनिटं म्हणून जमा. कोणी तिला आधी विचारलंच नव्हतं की तुला ट्रान्सफर व्हायचंय का नोकरी करायचीय.

त्यासाठी 'असिस्ट' नावाची राज्याची अधिकृत साइट आहे. कॉलेज निवडा, विद्यापीठ निवडा, मेजर निवडा, कुठला वर्ग कशाच्या जागी धरला जाईल ते समोर येतं. काउन्सेलरकडे जाण्याआधी हे छापून न्यावं. काउन्सेलर बिचारे एका मुलाला अर्धा तास देतात, त्यात दहा मिनिटं लॉगिनला.

यूसीच्या सहा कॅम्पसना प्रवेशाची हमी मिळवता येते, डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ. बर्कली आणि यूसीएलए त्यात नाहीत. शिवाय काही कॅम्पस सीएससारख्या मेजरना ही हमी देत नाहीत. मामांच्या भाच्यासाठीही सांगतेय.

लाउडनचा_लोणी

व्हर्जिनियातून. आमच्या अॅशबर्नला डेटा सेंटरांची नुसती रांग आहे, डेटा सेंटर अॅली म्हणतात त्या पट्ट्याला. नॉर्दर्न व्हर्जिनिया कम्युनिटी कॉलेजात डेटा सेंटर ऑपरेशन्सचं स्वतंत्र शिक्षण मिळतं, आणि लोकांना नोकऱ्या लागतात. हो, जिल बायडन शिकवायच्या तेच कॉलेज. इंग्रजी शिकवायच्या, राउटिंग नव्हे.

दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, डेटा सेंटर टेक्निशियन म्हणजे अंगमेहनत. रॅकमध्ये सर्व्हर चढवणं-उतरवणं, फायबर ओढणं, एका बाजूला थंडी, दुसऱ्या बाजूला भट्टी. माझी पाठ साक्षीला आहे. दोन, इथे सिक्युरिटी प्लसला प्रचंड मागणी आहे कारण संरक्षण खात्याच्या कंत्राटांत ते प्रमाणपत्र चालतं. पण त्या बहुतेक कामांना क्लिअरन्स (सरकारी सुरक्षा मंजुरी) लागतो आणि क्लिअरन्सला नागरिकत्व. एच-4 वाल्यांनी सिक्युरिटी प्लस जरूर घ्यावं, पण त्या जाहिराती बघून नाही.

मोगरा_आणि_मॉडेम

'लोणी' बाई आहे की बुवा?

लाउडनचा_लोणी

बुवा. शाळेत पडलेलं नाव आहे, खोलात जाऊ नये.

अष्टविनायक_एक्सप्रेस

अवांतर: आमच्या तालुक्यात अजून कुठलाही कोर्स सांगितला की "ते ठीक, पण एमएस-सीआयटी केलंय का?" असं विचारतात. सायलीताई, ते केलंय ना? नाहीतर सिस्को काय करणार.

सायली_फ्रीमाँट

केलंय! प्रमाणपत्र लॅमिनेट करून आईकडे आहे.

आठ_पिना

केबल क्रिम्प करणाऱ्यांसाठी (टोकाला प्लग बसवणाऱ्यांसाठी) एक सेवा. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. तारांचा हा क्रम म्हणजे टी568बी. आरतीच्या चालीवर म्हणा, बरोबर बसतं. मी वीस वर्षं केबलिंगचा व्यवसाय करतो, आजही पुटपुटतो. ग्राहकाला वाटतं मी मंत्र म्हणून इंटरनेट चालू करतो. मी त्याचा गैरसमज दूर करत नाही.

सायली, कोणी नोकरीला घेतं का या प्रश्नाचं माझ्याकडचं उत्तर: मी माणसं घेताना डिग्री बघत नाही. मुलाखतीला एक केबल आणि क्रिम्पर हातात देतो आणि एक बिघडलेली जोडणी दाखवतो. कुठून सुरुवात करते ते बघतो. पॉवर, केबल, लिंकचा दिवा, आयपी, गेटवे, डीएनएस अशी खालून वर गेली की निम्मं काम झालं. "रीस्टार्ट करून बघू" म्हणाली तर तेही चालतं, पण कारण सांगता आलं पाहिजे.

पुणे_तिथे_उणे

मग मला सांगा, डिग्री बघत नाही म्हणताय, तर कॉलेज कशाला हा माझाच मुद्दा झाला.

आठ_पिना

छोट्या धंद्यात नाही बघत. सरकारी आणि शाळांच्या जागांना अर्ज वेबसाइटवरून जातो, तिथे 'पदवी किंवा समकक्ष' हा रकाना असतो. तो रिकामा राहिला तर अर्ज पुढे सरकेल याची खात्री नाही.

रानजाई

इथेच सायलीला सांगायचं होतं. तुझं बीकॉम आहे! त्याचं मूल्यांकन करून घे. तीन वर्षांच्या पदवीला काही संस्था पूर्ण बॅचलरच्या बरोबरीचं धरतात, काही तीन वर्षांचं शिक्षण म्हणतात, त्यामुळे कोणाकडून करतेस ते महत्त्वाचं. पण काहीही आलं तरी तो रकाना रिकामा राहत नाही. मग असोसिएट डिग्रीसाठी इंग्रजी, इतिहास, कम्युनिकेशनचे वर्ग पुन्हा कशाला? फक्त सर्टिफिकेट ऑफ अचीव्हमेंट घे, त्यात नेटवर्किंगचेच वर्ग असतात. वाचलेल्या वेळात लिनक्स, पायथन आणि सुरक्षेचा एक वर्ग.

मिल्पिटसकर

अनुमोदन. एक वेगळी शक्यता: अकाउंट्सचा अनुभव सोडून देऊ नका. सीआयएस म्हणजे नुसत्या केबली नव्हेत, त्यात डेटाबेस, सिस्टिम अॅनालिसिस, ईआरपी येतं. आयटी ऑडिट नावाचा प्रकार असतो, तिथे लेजर कळणारा आणि अॅक्सेस कंट्रोलही कळणारा माणूस लागतो. असे कमी असतात.

पुणे_तिथे_उणे

हे मात्र पटलं. आयटी ऑडिट. लिहून ठेवा, मी सहमत झालो.

टपरीवरचा_चहा

स्क्रीनशॉट काढला.

शिकागोची_सर

सगळे नोकरीचं बोलताहेत, ईएडीचं कोणी बोलत नाही. सायली, एच-4 ला काम करायची परवानगी मे 2015 पासून आहे आणि ती सुद्धा जोडीदाराची आय-140 (ग्रीन कार्डासाठी कंपनीने भरलेला अर्ज) मंजूर असेल किंवा एच-1 सहा वर्षांपुढे वाढलेला असेल तर. 30 ऑक्टोबर 2025 पासून भरलेल्या नूतनीकरणाच्या अर्जांना पूर्वी आपोआप मिळायची ती मुदतवाढ बंद झाली. म्हणजे नवीन कार्ड वेळेत आलं नाही तर काम थांबवावं लागणार. माझ्या ओळखीत एकीला असं घरी बसावं लागलंय.

भीती घालत नाहीये. पण शिकायला ईएडी लागत नाही, एच-4 वर कितीही शिका. म्हणून कार्ड अडकेल तो काळ वर्गासाठी आणि परीक्षेसाठी राखून ठेवता येतो. मुलाखतीला जाताना आपल्या कार्डाची तारीख तोंडपाठ असावी.

सायली_फ्रीमाँट

माझं कार्ड पुढच्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये संपतंय. अर्ज सहा महिने आधी भरता येतो ना?

शिकागोची_सर

हो, 180 दिवस आधीपासून. फेब्रुवारीत तयार राहा.

पणजी_ते_प्लेझंटन

लास पोझितास कॉलेजला माझी मुलगी हायस्कूलमधूनच जाते, ड्युअल एनरोलमेंटवर. शाळकरी मुलांना युनिटची फी बहुतेक ठिकाणी माफ असते. तिने सीसीएनएचा पहिला भाग घेतला आणि घरी येऊन आमच्या राउटरला पासवर्ड घातला. आता मला फुटबॉल बघायचा तर तिची परवानगी लागते. पालकांनी विचार करून पाठवावं.

सायली_फ्रीमाँट (19 नोव्हेंबर)

अपडेट द्यायला आलेय. रहिवासाचे कागद दिले, रहिवासी ठरले. असिस्टवर जाऊन बघितलं आणि मग काउन्सेलरला भेटले. खरंच अर्धा तास. ट्रान्सफरचा विचार सध्या सोडला, सर्टिफिकेटच करायचं. बीकॉमच्या मूल्यांकनाचा अर्ज केलाय, नाशिकहून ट्रान्स्क्रिप्ट सीलबंद मागवायची खटपट भाऊ करतोय, विद्यापीठाच्या खिडकीवर.

स्प्रिंगला तीन वर्ग ठरवले होते. सीसीएनएचा पहिला भाग, लिनक्स आणि डेटाबेसची ओळख. मिल्पिटसकरांचं वाचून डेटाबेस घातलं. नवीन विद्यार्थ्यांची नोंदणी शेवटी उघडते, त्यामुळे संध्याकाळच्या सीसीएनएच्या वर्गात जागा उरली नाही. वेटलिस्टवर सहावी आहे. सकाळच्या वर्गात जागा आहे, पण सकाळी धाकटीच्या शाळेचं सोडणं-आणणं. काय करू?

रानजाई

थांब, सकाळचा घेऊ नकोस. सहावा नंबर म्हणजे काहीच नाही. सेमिस्टर सुरू व्हायच्या आधीच्या आठवड्यात फी न भरलेल्यांची नावं बऱ्याच कॉलेजांत आपोआप काढून टाकतात. मग पहिल्या दिवशी जे येत नाहीत त्यांना प्रोफेसर काढतात. तू पहिल्या दिवशी वेळेच्या आधी वर्गात जाऊन बस, नाव सांग, ऑनलाइन भाग असेल तर आदल्या दिवशी ईमेलही कर. जागा झाली की ते अॅड कोड देतात. तो त्याच रात्री वापर, त्याला मुदत असते.

आठ_पिना

लॅबमध्ये बाके मोजून असतात, त्यामुळे प्रोफेसर मनात असूनही जास्त घेऊ शकत नाहीत. पण पहिल्या दोन आठवड्यांत सबनेटिंग आलं की बाके रिकामी होतात.

निवृत्त_टेलिफोन

वाड्याची गोष्ट प्रोफेसरांना सांगा, कोणी जाणार नाही.

पुणे_तिथे_उणे

जागा मिळेपर्यंत पॅकेट ट्रेसर उतरवून घ्या. फुकट आहे, हे मी आधीच म्हटलं होतं.

बे_एरिया_आई

आणि सायली, वेटलिस्टवर आहेस तोवर त्या वर्गाचं पुस्तक विकत घेऊ नकोस. नेटअकॅडचा (सिस्कोच्या अकॅडमीचा) मजकूर वर्गात नाव लागलं की ऑनलाइनच उघडतो, बहुतेक प्रोफेसर वेगळं पुस्तक मागत नाहीत. लिनक्सच्या वर्गालाही वेळापत्रकात 'झिरो टेक्स्टबुक कॉस्ट'चं चिन्ह आहे का ते बघून घे.

सायली_फ्रीमाँट

आहे चिन्ह. डेटाबेसला नाही, ते लायब्ररीत राखीव प्रत असते का विचारते उद्या.